खाड्याची वही आणि ॲपचा हिशेब

आमच्या खाणावळीत गल्ल्याच्या बाजूला एक लांबट वही असते, लाल कापडी पुठ्ठ्याची. सासूबाईंनी १९९१ साली खाणावळ सुरू केली तेव्हापासून दरवर्षी नवी वही येते, पण आखणी इतकी वर्षं त्यांचीच होती. डावीकडे मेंबरचं नाव, पुढे महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेला दोन चौकोन, सकाळ आणि रात्र. जेवला तर टिंब, नाही आला तर फुली. फुली म्हणजे खाडा. पुण्यात मेसला जेवून ज्यांनी दिवस काढलेत त्यांना खाडा म्हणजे काय ते सांगायला नको. आदल्या दिवशी सांगून सलग तीन दिवस गावी गेलात तर पैसे पुढच्या महिन्यात वळते, न सांगता एखादं जेवण बुडवलंत तर ते बुडालं.

ही वही २०२० ते २०२३ या काळात हळूहळू कोरी होत गेली आणि तिच्या जागी एक फोन आला, जेवण घरपोच पोहोचवणाऱ्या ॲपच्या ऑर्डरी घेणारा. त्या तीन वर्षांत मी काय पाहिलं ते लिहून ठेवते आहे, कारण डबे करणाऱ्या, घरगुती मेस चालवणाऱ्या बायका अजूनही विचारतात, "काकू, ॲपवर जाऊ का?" त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

आमची जागा सदाशिव पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. नऊ टेबलं, एका पंगतीला छत्तीस माणसं. मार्च २०२०च्या आधी एकशे दहा मेंबर होते. बहुतेक सगळे स्पर्धा परीक्षेची मुलं, लातूर, नांदेड, बीड, परभणी, सोलापूर भागातली. पहाटे अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी बाराला आमच्याकडे, रात्री साडेआठला पुन्हा. महिन्याचे २,६०० रुपये दोन वेळचे, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री सुट्टी. पैसे एक ते पाच तारखेच्या आत आगाऊ.

या आगाऊ पैशांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. पाच तारखेला गल्ल्यात अडीच लाखांच्या वर रक्कम असायची. हे सहा तारखेला सकाळी टेम्पो घेऊन गुलटेकडीला मार्केट यार्डात भुसार बाजारात जायचे. महिन्याचा तांदूळ, गहू, ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे आणि तेलाचे डबे रोख देऊन एकदम भरायचे. उधारीचा प्रश्नच नव्हता, म्हणून भाव चांगला मिळायचा. बँकेचं एक रुपयाचं कर्ज न काढता खाणावळ एकोणतीस वर्षं चालली. ती मुलं जेवायच्या आधी पैसे देत होती म्हणून चालली.

मग टाळेबंदी आली. मुलं मिळेल त्या वाहनाने गावाला गेली, काही नुसती अडकून पडली. अडकलेल्या सोळा जणांना आम्ही दोन महिने डबे पोहोचवले. जून उजाडला तसं यांनी एके रात्री जेवताना सांगितलं, "आता ॲपवर जाऊ. बाकी काही सुचत नाही." पंगत बसवायला बंदी होती, पार्सलला परवानगी होती. दुसरा रस्ता मलाही दिसत नव्हता.

नोंदणीला लागणारी कागदपत्रं आमच्याकडे बहुतेक होती. उलाढाल १२ लाखांच्या वर असल्यामुळे तेव्हा अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरत नव्हती, परवाना लागायचा, तो होता. पॅन, रद्द केलेला चेक, मेनू, जागेचे फोटो दिले. अडलं ते जीएसटीपाशी. आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत होतो, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे कंपोझिशनमध्ये राहून ॲपवरून विकता येत नव्हतं. ते सोडून नेहमीच्या जीएसटीत यावं लागलं. कराचा आकडा फारसा बदलला नाही, पण तीन महिन्यांनी येणारी कागदपत्रांची कटकट दर महिन्याची झाली आणि आमच्या सीएंची फी वाढली. ही गोष्ट आम्हाला ॲपच्या माणसाने सांगितली नव्हती, सीएंनी सांगितली. (१ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा ५ टक्के कर ॲपवाल्यांनीच भरायचा, असा बदल झाला. तेवढा भार उतरला.)

ॲपचा माणूस म्हणजे पंचविशीतला एक नम्र मुलगा, फोनवर "मॅडम, मॅडम" करणारा. त्याने करार पाठवला तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत, बऱ्याच पानांचा. लेकीने वाचला. कमिशनचा आकडा २४ टक्के होता. मी म्हटलं, शंभरातले चोवीस? तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डरी इतक्या येतील की जाणवणार नाही." दुकानातल्यापेक्षा ॲपवर दर जास्त ठेवू नका, असाही त्याचा आग्रह होता. पहिले दोन महिने आम्ही ८० रुपयांची थाळी ॲपवर ८० रुपयांनाच विकली.

आणि ऑर्डरी आल्या, हे खोटं सांगणार नाही. ज्या वर्षी चूल थंड पडली असती त्या वर्षी रोज दहा-बारा थाळ्या जात होत्या. पोळ्यांच्या मावशींना पगार देता आला. कोथरूड, एरंडवणे, डेक्कन अशा भागांतून ऑर्डरी यायच्या, जिथून आमच्याकडे कधी कुणी चालत आलं नसतं. पहिली ऑर्डर वाजली तेव्हा आम्ही तिघंही ओट्याशी उभे होतो आणि मी त्या डब्यात एक लाडू जास्तीचा ठेवला होता. ते ऋण मी मानते. आजही कुणी ॲपला सरसकट शिव्या घातल्या तर मला ते पटत नाही.

खरी झटापट भाकरीशी झाली.

आमची थाळी भाकरीसाठी ओळखली जाते. ज्वारीची, तव्यावर पाणी फिरवून भाजलेली, मग निखाऱ्यावर फुगवलेली. ताटात पडल्यावर तिच्यातून वाफ निघते आणि दोन मिनिटांत पापुद्रा सुटतो. तीच भाकरी झाकणाच्या डब्यात घातली की वाफेला जायला जागा नसते. झाकणाला आतून घाम फुटतो, तो घाम भाकरीवर पडतो आणि वीस मिनिटांत भाकरी वातड होते. पहिल्या महिन्यात आलेली वाईट मतं सगळी भाकरीबद्दल होती. "भाकरी रबरासारखी." एक तारा. मी ते वाचून ओट्यापाशी बसले होते. माझ्या हातची भाकरी कुणी टाकून दिली, असं त्याआधी झालं नव्हतं.

मग मी प्रयोग केले. डब्याला दाभणाने भोकं पाडून पाहिलं, पण आमटी सांडली. केळीच्या पानात गुंडाळली, वास छान येत होता, पण पान काळं पडून ओलं व्हायचं. शेवटी जमलं ते असं: भाकरी तव्यावरून उतरवून बांबूच्या टोपलीत कपड्यावर चार मिनिटं उभी ठेवायची, पूर्ण गार नाही, कोमट होऊ द्यायची, मग बटर पेपरात सैल गुंडाळून कागदी पिशवीत डब्याच्या बाहेर द्यायची. ती चार मिनिटं मात्र ॲपला मान्य नव्हती. ऑर्डर आली की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू होतात. उशीर झाला की आपला क्रमांक खाली जातो. जेवण तयार करून ठेवलं आणि न्यायला येणारा मुलगा पंचवीस मिनिटं उशिरा आला, तर त्याची नोंद कुठे होते ते मला आजवर सापडलेलं नाही. गार जेवणाचा एक तारा आमच्याच नावावर पडायचा.

५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली. मुलं हळूहळू परतू लागली. मार्च २०२१ मध्ये पूर्व परीक्षा पुढे ढकलली म्हणून नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली, त्या रात्री आमच्याकडे कुणी वेळेवर जेवायला आलं नाही आणि अकरा वाजता पन्नास जण एकदम आले. घसे बसलेले, भुकेले. वाढताना मला वाटलं, चला, आपली माणसं परत आली. मग एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले, पुन्हा फक्त पार्सल. असं हिंदकळत २०२२ उजाडलं.

तोवर आम्ही ॲपवर मुरलो होतो. ॲपवरची थाळी १४० रुपयांना लावली होती आणि तिच्यावर ४० टक्के सूट कायम चालू असायची. सूट आम्ही स्वतःहून लावली नव्हती, तसं आम्हाला वाटायचं तरी. दर पंधरवड्याला फोन यायचा, "मॅडम, तुमच्या भागातल्या इतरांनी सूट लावली आहे, तुमची ऑर्डर कमी दिसतेय." सूट काढली की दुसऱ्या दिवशी आमचं नाव शोधूनही सापडायचं नाही. जाहिरातीचे आठवड्याला दीड हजार रुपये वेगळे. लावले की फोन वाजायचा, बंद केले की शांत. रोजच्या एकवीस-बावीस थाळ्या ॲपवरून जात होत्या, म्हणजे आठवड्याला दीडशे. स्वयंपाकघर भरलेलं दिसायचं. दिवसभर हात चालू, फोन वाजतोय, पिशव्या जाताहेत. आणि तरी मार्केट यार्डाच्या दुकानदाराकडे पहिल्यांदा आमची उधारी झाली.

वहीत मेंबर एक्केचाळीस राहिले होते. आम्ही धरून चाललो होतो की पोरं अजून पुरती परतली नाहीत, काही ऑनलाइन क्लास लावून गावीच बसली असतील.

सप्टेंबर २०२२ मधली गोष्ट. पावसाची रात्र होती. ऑर्डर न्यायला आलेला मुलगा दारात उभा, रेनकोटवरून पाणी निथळतंय, हेल्मेट डोक्यावर, तोंडाला रुमाल. मी पिशवी दिली तर म्हणाला, "काकू, ओळखलंत का?" आवाजावरून ओळखलं. लातूरकडचा मुलगा, २०१८ पासून टाळेबंदीपर्यंत आमचा मेंबर. कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, ताक दोनदा मागायचा. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य राहिली. आता दिवसा अभ्यास आणि संध्याकाळी सहा ते अकरा डिलिव्हरी.

मी म्हटलं, "जेवलास का रे?"

"नाही काकू, ही पोहोचवून येतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांत कुठे जातोस?"

त्याने हेल्मेटची काच वर केली आणि बोटाने रस्त्यापलीकडे दाखवलं. समोरची अभ्यासिका, तिच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या. आमच्या मोरीच्या खिडकीतून त्या गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल दिसतात. "काकू, तुमच्याकडच्या माझ्या निम्म्या ऑर्डरी याच गल्लीत असतात. सगळी आपलीच पोरं आहेत."

तो परत आला तेव्हा मी त्याला ताट वाढलं. तो जेवत होता आणि मी समोर बसून विचारत होते. त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही, ते बरोबरच केलं. पण कारण सांगितलं. ॲपची महिन्याची सभासदी घेतली की पोहोचवण्याचे पैसे लागायचे नाहीत. सूट जाऊन थाळी ८४ रुपयांना, पॅकिंगचे १० आणि कर मिळून ९८ रुपये ७० पैसे. आमच्या टेबलावर येऊन जेवलं तर ९० आणि कर, म्हणजे ९४ रुपये ५० पैसे. चार रुपये वीस पैशांत जेवण खोलीत येतं. चप्पल घालायची नाही, पावसात भिजायचं नाही.

"अरे पण महिन्याचं मेंबर झालं तर किती स्वस्त पडतं!" मी म्हटलं.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "काकू, रागावू नका. खाडे किती होतात सांगा."

त्या रात्री आवराआवर झाल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. २०२२ मध्ये आमचा महिन्याचा दर ३,६०० झाला होता. महिन्यात साधारण छप्पन जेवणं. सगळी जेवली तर एक जेवण चौसष्ट रुपयांना पडतं. पण वहीतल्या फुल्या मोजत गेले तर बहुतेकांचे महिन्याला पंधरा ते वीस खाडे, काहींचे त्याहून जास्त. कधी उशिरा उठला, कधी मित्राकडे, कधी परीक्षेचं टेन्शन. ज्याचे एकवीस खाडे झाले, तो पस्तीस जेवणांचे ३,६०० रुपये देत होता, म्हणजे जेवणामागे एकशेतीन. त्याला ॲपवरचं अठ्ठ्याण्णव रुपयांचं ताट स्वस्तच होतं, आणि जेवेल त्याच दिवसाचे पैसे.

एकोणतीस वर्षं आमच्या खाणावळीचा नफा त्या फुल्यांमध्ये होता. शिजवलं नाही त्याचे पैसे मिळत होते. सासूबाईंना हे नक्की माहीत असणार, पण कुणी कधी बोललं नव्हतं. मला त्या रात्री वाईट वाटलं. मुलांनी आम्हाला फसवलं नव्हतं. आमचा नियम त्यांना जड जात होता आणि सोय मिळाल्याबरोबर ती तिकडे गेली.

मग एका थाळीचा ॲपवरचा हिशेब मांडायला घेतला. ॲपकडून दर आठवड्याला हिशेबाचा तक्ता येतो, त्यात इतके रकाने असतात की आम्ही तोवर फक्त खाली जमा झालेली रक्कम पाहत होतो. लेकीने एकेक रकाना समजावून सांगितला आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. थाळीचे १४०. सूट ५६, ती पूर्ण आमच्याकडून. उरले ८४. पॅकिंगचे १० मिळवून ९४. त्यावर २४ टक्के कमिशन २२ रुपये ५६ पैसे. कमिशनवर १८ टक्के जीएसटी ४ रुपये ६ पैसे. ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च १ रुपया ७३ पैसे. जाहिरातीचे दीड हजार दीडशे थाळ्यांवर वाटले तर प्रत्येकी १०. हातात आले ५५ रुपये ६५ पैसे. एक टक्का टीडीएस वेगळा कापला जायचा, पण तो विवरणपत्र भरल्यावर आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, म्हणून धरला नाही. खणांचा डबा, पिशवी, बटर पेपर आणि जुलै २०२२च्या प्लास्टिकबंदीनंतरचा लाकडी चमचा मिळून १४. राहिले ४१ रुपये ६५ पैसे. आणि थाळीत जाणारा शिधा, भाजी, तेल, गॅस मिळून ४६.

लेकीने बेरीज-वजाबाकी दोनदा तपासली. प्रत्येक थाळीमागे ४ रुपये ३५ पैसे आम्ही आमच्याजवळचे घालत होतो. मावशींचा पगार, जागेचं भाडं, वीज यातलं काहीही न धरता. तेच ताट टेबलावर वाढलं तर कर सोडून ४४ रुपये राहतात. आणि या थाळ्यांमधल्या निम्म्या रस्त्यापलीकडे जात होत्या. आमचाच मेंबर, आमच्याच गल्लीतला, आमच्याकडे परत आणण्यासाठी आम्ही कमिशन आणि जाहिरात दोन्ही भरत होतो. तो आमचा आहे हे आम्हाला कळायला मार्गही नव्हता, कारण ॲपवर ऑर्डर देणाऱ्याचा फोन नंबर दिसत नव्हता. फक्त पहिलं नाव यायचं आणि पदार्थ.

आणखी एक फटका होता तो पैशांच्या वेळेचा. पूर्वी आधी पैसे, मग जेवण. आता आधी जेवण, मग आठवड्याने पैसे, त्यातूनही कापून. धान्य उधारीवर घ्यावं लागलं आणि उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा जास्त. २४ टक्के सगळ्यांना दिसतात. हा खड्डा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

लेकीने तेव्हाच मला वाचून दाखवलं की देशातल्या रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, एनआरएआयने, जुलै २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे दोन मोठ्या कंपन्यांविरुद्ध तक्रार केली होती. जबर कमिशन, भरमसाट सूट, गिऱ्हाइकाची माहिती झाकून ठेवणं, हे सगळं त्या तक्रारीत होतं. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने काही मुद्द्यांवर चौकशीचे आदेश दिले. ऐकून मला धीर आला. आपलंच काही चुकतंय, आपल्यालाच आधुनिक धंदा जमत नाही, असं दोन वर्षं मनात धरून बसले होते.

पण दिल्लीतली चौकशी आमच्या उधारीपर्यंत पोहोचणार नव्हती. यांचं म्हणणं पडलं की ॲप बंदच करून टाकू. मी नको म्हटलं. आमचं त्यावरून आठ दिवस बिनसलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की कोथरूडची ऑर्डर खरंच नवी आहे, ती का सोडायची? समोरच्या गच्चीची सोडू.

दिवाळीनंतर आधी जाहिरात बंद केली, मग सूट. ते दोन आठवडे फार वाईट गेले. बावीसवरून ऑर्डरी सहावर आल्या, एका मंगळवारी तर दोनच. संध्याकाळी मी फोन उचलून पाहायची, चालू आहे ना, आवाज बंद तर नाही. मळलेलं पीठ उरायचं. ॲपच्या माणसाचे फोन रोज येत होते, आणि तोवर हा तिसरा माणूस होता, पहिल्याचं काय झालं कुणास ठाऊक. तो म्हणायचा, एकदा खाली गेलेला क्रमांक वर यायला सहा महिने लागतात. मी त्याला म्हटलं, "बाळा, वर असतानाही आम्ही खालीच जात होतो."

मग खाड्याची पद्धत बदलली. हा निर्णय माझा होता आणि सासूबाईंची आखणी मोडताना हात अडखळला. महिन्याची मेंबरशिप बंद केली. त्याऐवजी तीस कूपनांचं पुस्तक, २,२५० रुपये, आगाऊ, पंचेचाळीस दिवसांत कधीही वापरा. एक ताट पंचाहत्तरला. जेवलात तर कूपन फाडायचं, नाही आलात तर कूपन तुमच्याजवळ. मात्र येणार नसाल तर दुपारसाठी सकाळी दहापर्यंत, रात्रीसाठी पाचपर्यंत व्हॉट्सॲपवर नुसता "खाडा" असा शब्द पाठवायचा. पाठवला नाही तर कूपन गेलं. पीठ किती मळायचं हे आम्हाला आधी कळतं, तेवढ्यासाठी हा नियम ठेवला. खोलीवर डबा हवा असेल तर एक किलोमीटरपर्यंत दहा रुपये, स्टीलच्या डब्यात, रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत. त्यासाठी शेजारच्या वाड्यातल्या कॉलेजच्या मुलाला सायकलवर ठेवला.

स्टीलच्या डब्यात भाकरी मी मलमलच्या फडक्यात गुंडाळून देते. फडकं वाफ पिऊन घेतं. वातड झाल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. फडकी रोज धुवावी लागतात, तेवढं काम वाढलं.

पहिल्या महिन्यात पुस्तकं चौदा गेली. दुसऱ्यात एकतीस. समोरच्या गच्चीवरची पोरं एकेक करून जिन्याने खाली उतरून आली, काही संकोचून, जणू माझ्याकडून ओरडा खायचा आहे अशी. मी कुणाला काही बोलले नाही. एकाने पुस्तक घेताना स्वतःहून सांगितलं, "काकू, ॲपवर तुमची ताकाची वाटी येत नव्हती." ताक आम्ही सांडतं म्हणून डब्यातून वगळलं होतं. त्यालाही त्या दिवशी दोन वाट्या वाढल्या.

ॲप अजून आहे. त्यावरून थाळी काढून टाकली. तिथे आता जे प्रवासात बिघडत नाही आणि ज्याच्या दरात कमिशन सामावतं तेवढंच ठेवलंय. मसालेभात, थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, दडपे पोहे, सणाला पुरणपोळी. पुरणपोळी गार झाली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट मुरते. दर लावताना आधी उलट्या बाजूने हिशेब करते: हातात किती उरायला हवेत, त्यावर डबा, कमिशन, कमिशनवरचा कर. सूट लावत नाही. होळीला आणि गौरी-गणपतीला जाहिरात लावते, आठवडाभर, ती परवडते. दिवसाला सात-आठ ऑर्डरी येतात आणि त्या खरोखर लांबच्या असतात. एकदा आमटी सांडल्याचा फोटो दाखवून कुणी पूर्ण पैसे परत घेतले आणि आम्हाला न विचारता ते आमच्या खात्यातून कापले गेले. त्या दिवशी आम्ही आमटी पाठवलीच नव्हती, तेव्हा ॲपच्या मेनूवर आमटी नव्हती. तक्रार केली, यंत्राकडून आलेलं ठरावीक उत्तर मिळालं. १७५ रुपये गेले. त्याची नोंद मी ठेवली आहे.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी एकच सांगते. आपल्या ऑर्डरी जातात कुठे ते न्यायला येणाऱ्या मुलांना विचारा. नाव-पत्ता नको, नुसतं किती लांब ते. त्यांना पाणी द्या, बसायला स्टूल द्या, पावसात आत उभं राहू द्या. आणि सूट, जाहिरात, डबा, चमचा सगळं धरून एका ताटाचा हिशेब स्वतःच्या हाताने कागदावर लिहा.

मार्केट यार्डातली उधारी २०२३च्या गुढीपाडव्याला फिटली. हे टेम्पो घेऊन गेले आणि रोखीने ज्वारी घेऊन आले. लातूरकडचा तो मुलगा वर्षभर रात्री अकराला जेवायला येत होता, त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. आता तो त्याच्या तालुक्याच्या गावी असतो, दिवाळीला फोन करतो.

वही अजून आहे, आखणी तेवढी बदलली. आत्ता दहा वाजून गेलेत. फोनवर सहा खाडे आलेत, अकरा डबे लिहिले गेलेत, टेबलावर बावन्न माणसं होतील असं दिसतंय. मावशी ओट्याशी उभ्या राहून विचारताहेत, पीठ किती काढू.